पदरमोड करून पुस्तक काढलं, विकिपीडियावर पान कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करून माझं पोट चालतं. रात्री जेवणं झाल्यावर तासभर मराठी विकिपीडियावर संपादन करायची जुनी खोड आहे. या दोन्ही गोष्टी ज्यांना माहीत आहेत ते लेखक माझ्याकडे दोनदा येतात. पहिल्यांदा येतात तेव्हा हातात हस्तलिखित असतं. पुस्तक छापून महिना झाला की परत येतात, तेव्हा हातात मोबाइल असतो आणि त्यावर कुठल्या तरी दुसऱ्या लेखकाचं विकिपीडियावरचं पान उघडलेलं असतं. प्रश्न दरवेळी तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

पुस्तक काढलंय, आयएसबीएन घेतलाय. आता माझं पान होईल ना?

तेवढ्यावर नाही. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही तो मिळतो. गाडीला एमएच १५ ची पाटी लागली की गाडी नाशिकला नोंदवलीय एवढं कळतं. ती किती फिरली आणि तिच्यात कोण बसलं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

विकिपीडिया इंग्रजीत २००१ साली आणि मराठीत २००३ साली सुरू झाला, आणि तो कोणालाही संपादता येतो. मराठी विश्वकोशात नोंद लिहायला त्या विषयाचा जाणकार नेमतात, नोंदीखाली त्याचं नाव येतं. विकिपीडियावर लिहिणारा तुमच्या-माझ्यासारखा, बहुतेकदा टोपणनावाने वावरणारा. त्याच्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा? म्हणून नियम असा, की लिहिणाऱ्याने पदरचं काही सांगायचंच नाही. आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलं असेल तेवढंच आपल्या शब्दांत मांडायचं आणि कुठे आलं ते खाली द्यायचं. आता ज्या लेखकाबद्दल कोणा तिऱ्हाइताने सविस्तर काही लिहिलेलंच नाही, त्याच्या पानात लिहिणार काय? या अटीला तिथे ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द जरा घात करणाराच आहे. तो ऐकला की माणसाला वाटतं, आपल्याला नगण्य ठरवलं. प्रत्यक्षात तुमच्या लेखनाची प्रत तिथे कोणी तपासतच नाही. भिकार पुस्तकांचीही पानं आहेत, कारण ती भिकार आहेत हे चार समीक्षकांनी सविस्तर लिहून ठेवलंय.

छापून आलेलं भरपूर आहे की! कात्रणांची फाईलच आहे माझ्याकडे.

फाईल उघडून बघू या. ही गोष्ट सिडकोत राहणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांची आहे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. बागलाणात नोकरी झाली, त्या आठवणींचं पुस्तक त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून छापलं, पाचशे प्रती. एका दुपारी ते फाईल घेऊन आले. कात्रणं प्लॅस्टिकच्या खिशांत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, अक्षर सातबाऱ्यावर असावं तसं बारीक आणि सरळ. एकूण अकरा. चहा बाजूला सारून आम्ही ती टेबलावर मांडली.

सात कात्रणं प्रकाशन सोहळ्याची. सात वेगवेगळी दैनिकं, फोटो एकच: पाच पाहुणे, पाची जणांनी पुस्तक छातीशी धरलंय. मजकूरही शब्दन्‌शब्द एक. सातही ठिकाणी पुस्तकाच्या नावात तीच एक वेलांटी चुकलेली. ती चूक माझी होती, कारण प्रेस नोट मीच टाइप केली होती. भाऊसाहेब म्हणाले, “सात पेपरांनी दखल घेतली.” मी म्हटलं, “भाऊसाहेब, सात पेपरांनी माझी चूक छापली.” आयोजकांनी पाठवलेली बातमी जशीच्या तशी छापली तर तिला तुमच्याबद्दलचं स्वतंत्र लेखन म्हणता येत नाही, मग ती सात ठिकाणी येवो की सत्तर.

पुढची दोन कात्रणं ‘साभार पोच’ची. मासिकात शेवटी बारीक टायपात पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठं, किंमत असते, तेवढंच. पुस्तक पोचलं याची ती पावती. दहावं कात्रण मुलाखतीचं, चांगलं अर्ध्या पानाचं. पण मुलाखतीत बोलणारे भाऊसाहेबच. जन्मगाव, शिक्षण असल्या किरकोळ माहितीला ती चालते, उल्लेखनीयता तिच्यावर उभी राहत नाही.

अकरावा खिसा फाईलच्या अगदी शेवटी होता, आणि त्यात कागद उलटा घातलेला होता. मी तो सुलटा केला. एका छोट्या त्रैमासिकात कोणा प्राध्यापकांनी लिहिलेलं परीक्षण निघालं, सुमारे चारशे शब्दांचं. त्यांनी पुस्तक खरोखर वाचलं होतं. पहिले तीन भाग वंशावळीत खर्ची पडलेत, लेखक स्वतःला फार जपतो, असं स्पष्ट लिहिलं होतं. दुष्काळी कामांवरच्या हजेरीपटाचं प्रकरण मात्र त्यांना इतकं आवडलं होतं, की त्यातले बारकावे त्यांनी दोन परिच्छेदभर उलगडले होते.

“हे कशाला काढता,” भाऊसाहेब म्हणाले, “हे वापरायचं नाही.”

अख्ख्या फाईलमध्ये विकिपीडियाला चालेल असा तेवढा एकच कागद होता.

असं परीक्षण एक असलं तर पुरेल का?

सहसा नाही. इंग्रजी विकिपीडियावर पुस्तकाच्या पानासाठी निदान दोन स्वतंत्र, सविस्तर लेख हवेत अशी अपेक्षा असते. मराठीत आकडा धरून कोणी बसत नाही, पण एका लेखावर पान तगणं अवघड. आणि पुस्तकाचं पान आणि लेखकाचं पान वेगळं असतं हे लक्षात घ्या. एखाद्या पुस्तकाची चर्चा झाली म्हणजे लेखकाचं चरित्रही ज्ञानकोशात गेलं, असं नाही.

माझ्या पुस्तकाला नामवंत साहित्यिकांची प्रस्तावना आहे.

छान आहे, पण मोजली जात नाही. प्रस्तावना पुस्तकाच्या आत असते, आणि आपलं पुस्तक वाईट आहे असं सांगणारी प्रस्तावना कोणी छापत नाही.

यावर नाशिककर हमखास एक दाखला देतात: ‘विशाखा’. १९४२ साली वि. स. खांडेकरांनी कुसुमाग्रजांचा हा संग्रह पदरचे पैसे घालून काढला आणि प्रस्तावनाही लिहिली, मग? दाखला बिनतोड आहे, फक्त उलट्या बाजूने. पैसे कवीने घातले नव्हते. दुसऱ्या एका मोठ्या लेखकाला ती कविता इतकी पटली की त्याने खिशात हात घातला. तरीही विकिपीडियाच्या काटेकोर हिशेबात खांडेकर प्रकाशक ठरतात, आणि नुसत्या त्या प्रस्तावनेवर कुसुमाग्रजांचंही पान उभं राहिलं नसतं! ते उभं आहे पुढच्या अनेक दशकांतल्या समीक्षेवर, १९८७ च्या ज्ञानपीठावर, त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांवर.

पुरस्कार मिळालेत. त्यांचं काय?

साहित्य अकादमी किंवा राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार असेल तर वजन पडतं. प्रवेशिकेबरोबर ‘नोंदणी शुल्क’ घेऊन एकाच संध्याकाळी चाळीस जणांना शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी देणारे पुरस्कार असतील, तर त्यांची यादी पानावर टाकू नका. ती यादी दिसली की जाणता संपादक बाकीचं पानही संशयाने वाचू लागतो.

मीच माझं पान लिहिलं तर कोणाला कळणार आहे?

कळतं. खातं नवं, संपादनं सगळी एकाच पानावर, आणि मजकुरात ‘प्रतिभासंपन्न’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘साहित्यक्षेत्रात अल्पावधीत ठसा’. दहा पानं वाचलेला माणूसही ओळखेल. विकिपीडियावर प्रत्येक बदल ‘इतिहासा’त राहतो, वेळेसकट. खुद्द सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्या पानात फेरफार केले होते, ते २००५ मध्ये उघड झालं आणि त्यांनाही ते चुकलंच म्हणावं लागलं.

स्वतःबद्दल लिहायला पूर्ण बंदी नाही, पण सक्त नाउमेद केलं जातं. आपल्या पानात चूक दिसली तर त्या पानाच्या चर्चा पानावर ‘मी स्वतः हा लेखक आहे’ असं सांगून दुरुस्ती सुचवावी. आपल्या खात्याच्या सदस्य पानावर स्वतःची चार ओळींत ओळख द्यायलाही हरकत नाही. तिथे पूर्ण चरित्र आणि पुस्तकाच्या खरेदीची लिंक मात्र नको.

पण माझ्याबद्दल माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

हाच सवाल अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी २०१२ साली केला होता. आपल्याच एका कादंबरीमागची प्रेरणा विकिपीडियावर चुकीची दिली आहे म्हणून त्यांनी ती बदलायला सांगितली, तर त्यांना दुय्यम स्रोत मागितला. लेखक मी, आणि पुरावा दुसऱ्याचा? वैतागून त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये विकिपीडियाला जाहीर पत्र लिहिलं. ते छापून आलं, आणि मग त्या पत्राचाच संदर्भ देता आला. मला ही हकीकत फार आवडते. नियम हट्टी आहे हे खरंच, पण रॉथना सूट दिली तर उद्या प्रत्येकाला द्यावी लागेल, आणि ‘मी सांगतो म्हणून खरं’ म्हणणाऱ्यांची रांग रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत जाईल.

एका एजन्सीचा फोन आला होता. पैसे भरले की पान ‘गॅरंटीने’ करून देतो म्हणाले.

भरू नका. कॉलेज रोडवरच्या एका कवयित्रीला ३५,००० रुपये सांगितले होते, वर ‘देखभाली’चे दरवर्षी वेगळे. पान आलं, नऊ दिवस राहिलं. नंतर फोन लागेना.

हा धंदा जगभर चालतो. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने अशाच एका टोळीची ३८१ खाती बंद केली. त्यांची पद्धत ऐका: ज्यांचे मसुदे नाकारले गेलेत असे लोक शोधायचे, पैसे घेऊन पान करून द्यायचं, आणि ते पान ‘काढलं जाऊ नये’ म्हणून दरमहा आणखी पैसे उकळायचे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने कोणाकडून घेतले ते जाहीर करायचं, हे २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. फोनवाल्याला एवढंच विचारा, “जाहीर करणार का?” पुढचं संभाषण आपोआप आटोपतं.

अमक्याचं तर एकच पुस्तक आहे, तरी त्याचं पान आहे!

असेल. मराठी विकिपीडियावर हात कमी आहेत, बरीच पानं कोणाच्या नजरेला न पडता राहून गेलीत. त्यांच्याकडे बोट दाखवलंत तर बहुधा तेही पान जाईल. तुमचं होणार नाही.

माझं पान काल होतं, आज नाही.

आधी बहुतेक ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढावं अशी पाटी, लागली असेल, मग प्रचालकांनी, म्हणजे पानं काढायचे अधिकार असलेल्या सदस्यांनी, काढलं असेल. भांडू नका, दुसऱ्या नावाने खातं उघडून पुन्हा टाकू नका, पुतण्याला टाकायला सांगू नका. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, किंवा त्या प्रचालकांच्या चर्चा पानावर नम्रपणे कारण विचारा. नवे संदर्भ मिळाले तर धूळपाटीत, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, मजकूर तयार करा आणि आधी दाखवा.

मराठीत नाही झालं तर थेट इंग्रजीत करू का?

तिथे जास्त कडक आहे. खात्याला चार दिवस आणि दहा संपादनं झाल्याशिवाय थेट पान करता येत नाही. मसुदा पाठवला तर तपासणारे बसलेत, आणि सहा महिने हात न लावलेला मसुदा काढून टाकतात. मराठी वर्तमानपत्रं, मासिकं यांचे संदर्भ मात्र तिथेही चालतात. भाषा इंग्रजीच हवी असं नाही.

गूगलवर उजवीकडे चौकट येते, फोटोबिटो. ती तरी येईल?

ती गूगलची. विकिपीडियावर पान नसलेल्यांचीही येते, असलेल्यांची कधी कधी येत नाही.

खरं सांगा, हा नियम आमच्यासारख्यांवर अन्याय करणारा नाही का?

थोडा आहे. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. ज्यांच्याबद्दल जग कमी लिहितं त्यांच्याबद्दल ज्ञानकोशातही कमी येतं, यात बायका आल्या, खेड्यातले लेखक आले, इंग्रजीत न लिहिणारे आले. 

पण दुखणं कुठे आहे ते नीट बघा. पुरवण्यांमधली परीक्षणाची जागा आकसत गेली. पूर्वी परीक्षण यायचं तिथे आता मुखपृष्ठाचं चित्र आणि तीन ओळी येतात. परीक्षण लिहिणाऱ्याला मानधन नाही किंवा असून नसल्यासारखं, वर लेखकाचा रुसवा पदरात. मग कोण लिहील? नाशिकमध्ये महिन्याला कितीतरी पुस्तकांची प्रकाशनं होतात, सभागृहाचं भाडं, हार, फ्लेक्स, अल्पोपहार यावर हजारो रुपये जातात. त्या पुस्तकांवर नंतर कोणी बसून दोन पानं लिहिलीत असं माझ्या पाहण्यात क्वचित येतं. आपण एकमेकांच्या प्रकाशनाला जातो आणि एकमेकांची पुस्तकं वाचत नाही. मीही त्यातलाच. माझ्याकडे अक्षरजुळणीला आलेली पुस्तकं सोडली तर सह्या करून मिळालेल्या किती प्रती मी उघडल्या, ते सांगायची लाज वाटते.

प्रस्थापित मासिकांनी दारं जेमतेम किलकिलीच ठेवली तेव्हा दलित लेखकांनी वेगळी वाट काढली होती. आपल्या विहितगावचे बाबूराव बागूल त्याच पिढीतले. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं. त्यात नुसत्या कथा-कविता नव्हत्या, समीक्षा होती, वाद होते, एकमेकांच्या लेखनाचं उलटसुलट मूल्यमापन होतं. आज त्या लेखकांवर पानं लिहायला बसलं तर संदर्भांचा तोटा पडत नाही, तो यामुळे.

माझे वडील लेखक होते, १९८० च्या सुमारास पुस्तकं आली. आता ते नाहीत. त्यांचं पान करता येईल?

या प्रश्नाला मी लगेच ‘नाही’ म्हणत नाही. त्या काळी परीक्षणं जास्त यायची. ती इंटरनेटवर सापडत नाहीत एवढंच, आणि संदर्भ इंटरनेटवरचाच हवा अशी अट मुळीच नाही. नियतकालिकाचं नाव, महिना, वर्ष, लेखाचं शीर्षक, पान क्रमांक दिला की झालं. त्यासाठी ग्रंथालयात बसावं लागतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. अशा जुन्या वाचनालयांत जाऊन ग्रंथपालांना आधी भेटा, काय शोधताय ते सांगा.

माझी फजिती सांगतो. माझे थोरले मामा बालनाट्यं लिहायचे. ते गेल्यावर मी मोठ्या हौसेने पान लिहिलं, सगळं आईने सांगितलेलं. तीन दिवसांत काढलं गेलं. नियम मला पाठ होते, तरी मी आठवडाभर चावडीवर फिरकलो नाही. पुढे दीड वर्षाने जुने दिवाळी अंक चाळताना बालरंगभूमीवरचा एक लेख मिळाला, त्यात मामांवर दीड पान. त्याच्या आधारे बालनाट्याच्या पानात दोन वाक्यं घातली. ती अजून आहेत. मामांचं पान नाही.

जाता जाता: वडिलांच्या लेखनाचे हक्क तुमच्याकडे असतील तर ते मुक्त परवान्याखाली (म्हणजे कोणालाही वापरायची मोकळीक देऊन) विकिस्रोतावर, विकिपीडियाच्या जोडीच्या मुक्त ग्रंथालयावर, देता येतं का, याचा विचार करा. एरवी निधनानंतर ६० वर्षं थांबावं लागतं. परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, तेव्हा भावंडांना आधी विचारा.

मग मी करू तरी काय?

स्वतः पुस्तक काढलंत म्हणजे कायद्याने प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. बहुतेक जण पाठवत नाहीत. टपालखर्च सोडला तर फुकटात तुमचं पुस्तक देशाच्या ग्रंथसूचीत जातं, आणि पन्नास वर्षांनी कोणी शोधलं तर प्रत सापडते.

पाहुण्यांना वाटायच्या प्रतींतल्या दहा प्रती काढून ठेवा आणि परीक्षणं खरोखर लिहिणाऱ्या दहा जणांना पाठवा. सोबत एक पत्र, त्यात ‘चार चांगले शब्द लिहावेत’ ही ओळ नको.

आणि विकिपीडियावर यायचंच असेल तर तुम्हाला जे ठाऊक आहे त्यावर लिहा. गोदाघाट, पेठांची नावं, द्राक्षाची छाटणी, पैठणी, आदिवासी बोली, कितीतरी पानं अर्धवट पडलीत.

भाऊसाहेबांच्या पानाचं काय झालं?

झालं नाही. ते अकरावं कात्रण त्यांनी घरी नेलं. पंधरा दिवसांनी आले ते खातं उघडायला. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटायची फड पद्धत होती, ती त्यांनी नोकरीत जवळून पाहिलेली. त्यावर लिहायचं म्हणाले. मी टायपिंग शिकवलं, संदर्भ कसा जोडायचा ते दाखवलं. त्यांनी चार वाक्यं घातली, मी घरी गेलो.

रात्री साडेदहाला फोन. “अहो, माझं एक वाक्य उडवलं कोणीतरी. संदर्भ द्या म्हणे. मी तिथे अकरा वर्षं तलाठी होतो!”

“मग काय करताय?”

“करणार काय. १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर काढून बसलोय, बंधाऱ्यांचं आलंय त्यात. एक सांगा, पान क्रमांक मराठी आकड्यात टाकायचा ना?”